काकाकुवा पाळावा का?

काकाकुवा हा पोपटांचा भाऊबंद, पण कुळ वेगळे. पक्षिशास्त्रज्ञ त्याला ‘काकाटुइडी’ या स्वतंत्र कुलात घालतात आणि त्यात साधारण २१ जाती धरतात. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, सॉलोमन बेटे, इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटे आणि फिलिपिन्स एवढाच या पक्ष्यांचा मुलूख. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ मध्ये बालीहून लोंबोक बेटावर उतरला, तेव्हा त्याला तिथे पांढरे काकाकुवे दिसले. जेमतेम ३५ किलोमीटर मागे राहिलेल्या बालीत ते नव्हते. आशियातले प्राणी कुठे संपतात आणि ऑस्ट्रेलियाकडचे कुठे सुरू होतात ती सीमा पुढे वॉलेसच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. भारत या सीमेच्या पुष्कळच अलीकडे आहे. त्यामुळे सह्याद्रीत काय किंवा हिमालयात काय, रानातला काकाकुवा आपल्याकडे नाही. जो दिसतो तो कुणीतरी आणलेला, नाहीतर पिंजऱ्यात जन्मलेला.

डोक्यावरचा तुरा ही त्याची पहिली ओळख. भीती, राग, कुतूहल, जोडीदाराची चाहूल, काहीही झाले की तो उभा राहतो. उडून फांदीवर टेकल्याबरोबर तुरा क्षणभर फुलतो आणि मिटतो. दुसरी ओळख रंगाची. इतर पोपटांच्या पिसांत प्रकाश विखुरणारी एक सूक्ष्म रचना असते, तिच्यामुळे हिरवा आणि निळा रंग दिसतो. काकाकुव्याच्या पिसांत ती रचनाच नाही, म्हणून या कुलात हिरवा किंवा निळा पक्षी सापडत नाही. पांढरा, काळा, राखाडी, गुलाबी आणि त्यावर पिवळ्या-तांबड्याची उधळण, एवढाच पसारा. तिसरी ओळख पाहण्यापेक्षा हाताला जास्त कळते. काही खास पिसांची टोके सतत झिजून त्यांची भुकटी होते आणि पक्षी ती चोचीने अंगभर पसरवतो. पांढऱ्या काकाकुव्याला खांद्यावर घेतले की गडद शर्टावर खडूची धूळ सांडल्यासारखा पट्टा उठतो. घरात पक्षी ठेवायचा की नाही, या प्रश्नात ही भुकटी पुढे पुन्हा येणार आहे.

कुलातला सर्वांत लहान पक्षी कॉकटेल. शेपटीसकट फूटभर लांब आणि वजनाने शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. दुसऱ्या टोकाला न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कमधला काळा पाम काकाकुवा, वजन किलोच्या आसपास. पाम काकाकुव्याचा नर फांदी तोडून तिची काठी बनवतो आणि ती पायात धरून पोकळ खोडावर ठोकतो. प्रत्येक नराची लय वेगळी असते, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हत्यार बनवून त्याने ताल धरणारा प्राणी माणसाखेरीज दुसरा सापडलेला नाही.

घरटे बहुतेक सगळ्या जातींचे झाडाच्या ढोलीत. ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या झाडात मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली तयार व्हायला शंभर वर्षे आणि कधी कधी त्याहून जास्त लागतात. झाड पडले तर ती जागा दोन-तीन पिढ्यांसाठी गेली. मोठ्या जाती एक ते तीन अंडी घालतात, पाम काकाकुवा तर एकच. बहुतेक जातींत नर-मादी दोघेही आळीपाळीने महिनाभर उबवतात, आणि पिल्लू उडायला लागल्यावरही कित्येक महिने आईबापांच्या मागे हिंडत शिकत राहते. कॉकटेलचे गणित निराळे. तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात पाण्यामागे भटकणारा पक्षी. पाऊस पडला की चार-सहा अंडी, तीन आठवड्यांत पिल्ले, आणि वर्षाच्या आत ती पिल्ले स्वतः वयात आलेली. पिंजऱ्यात हा एकटाच सहज का रुळला, याचे उत्तर बरेचसे या फरकात आहे.

पनवेलमध्ये हा विषय दोन अंगांनी निघतो. एकीकडे न्यू पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोलीच्या इमारती. तिथे बॉक्स ग्रिलमध्ये कॉकटेलचा पिंजरा नवलाचा राहिलेला नाही, आणि एखाद्या घरात पांढरा काकाकुवाही असतो. दुसरीकडे गोवा महामार्गावर बारा किलोमीटरवर कर्नाळा. १९६८ पासूनचे अभयारण्य, क्षेत्र १२.११ चौरस किलोमीटर, आणि रविवारी दुर्बिणी घेऊन येणारी माणसे. या दोन्हीकडच्या लोकांचे म्हणणे पुढे दोन पात्रांच्या तोंडी घातले आहे. पालक हे पन्नाशी ओलांडलेले पक्षिपालक, घरी कॉकटेलची पैदास करणारे. निरीक्षक ही कर्नाळ्यात नेमाने पक्षी पाहणारी तरुणी.

पालक : ताई, माझ्याकडचे कॉकटेल पिंजऱ्यातच जन्मले, त्यांचे आईबापही पिंजऱ्यातच जन्मलेले. रान कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही. मग त्यांच्यावर अन्याय कसला?

निरीक्षक : कॉकटेलवरून मी भांडणार नाही, काका. दीडशे वर्षांहून जास्त काळ त्याची पिंजऱ्यात पैदास होते आहे. रानात फक्त राखाडी असणाऱ्या पक्ष्याचे पिवळे, पांढरे, ठिपक्यांचे प्रकार माणसाने निवडून वाढवलेत. पण परवा तुम्ही मला जो छत्रीसारख्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा दाखवलात, तो हालमाहेरा बेटांकडचा. त्या जातीचे पक्षी गेल्या शतकाच्या शेवटापर्यंत रानातून पकडून हजारोंनी विकले जात होते. पिंजऱ्यातल्या त्याच्या पिढ्या बोटांवर मोजाव्या लागतील. तेवढ्यात स्वभाव कुठे बदलतो?

पालक : स्वभाव वाईट कुठे आहे पण? हँडफीड पिल्लू घेतले, दिवसातून चार वेळा सिरिंजने भरवले, की ते लेकरासारखे छातीला बिलगते. कुत्र्यालाही एवढी माया नसते.

पक्षिविक्रेत्यांच्या बोलण्यात ‘हँडफीड’ आणि ‘टेम’ (माणसाळलेला) हे शब्द प्रमाणपत्रासारखे येतात, म्हणून त्यांचा अर्थ नीट पाहायला हवा. डोळे न उघडलेल्या पिल्लाला आईबापांपासून काढून माणसाने भरवले, तर ते माणसालाच आपली जात समजते. पहिली तीन-चार वर्षे याचे फळ गोड लागते. पिल्लू वयात आले की त्याच समजुतीपायी ते घरातल्या एका माणसाला जोडीदार मानते, आणि उरलेल्यांना प्रतिस्पर्धी. मोठ्या काकाकुव्याच्या चोचीत कठीण कवचाची फळे फोडण्याची ताकद असते. ती बोटावर किंवा ओठावर चालली तर टाके पडतात. पांढऱ्या काकाकुव्याचे नर पिंजऱ्यात स्वतःच्या मादीवर तुटून पडून तिला ठार करतात, हे जगभरच्या पैदासकारांना माहीत आहे. जोडीदार मानलेला माणूस सकाळी ऑफिसला निघून गेला की उरलेला दिवस पक्षी एकटा. रानातला काकाकुवा बहुधा जोडीने किंवा थव्याने राहतो. एकटेपणातून तो छातीची पिसे उपटू लागतो. सेराम बेटावरचे सामन-गुलाबी तुऱ्याचे काकाकुवे तर कातडीपर्यंत चोच नेतात. पिसे एकदा मुळापासून गेली की कधी कधी परत येतच नाहीत.

पालक : म्हणून तर आम्ही जोडी ठेवायला सांगतो. आणि बुद्धीला काहीतरी खाद्य द्यावे लागते, तेही खरे आहे. नुसते सूर्यफुलाचे बी टाकून भागत नाही.

निरीक्षक : बुद्धीचाच तर प्रश्न आहे, काका. सिडनीतली गोष्ट ऐकलीत ना?

ही गोष्ट २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून जगासमोर आली. सिडनीच्या उपनगरांत घराबाहेरच्या चाकाच्या कचरापेट्यांना जड बिजागरीची झाकणे असतात. पिवळ्या तुऱ्याचा मोठा काकाकुवा पेटीच्या कडेवर बसतो, चोच आणि एक पाय यांनी झाकण थोडे उचलतो, आणि मग ते तसेच उचलून धरून कडेकडेने मागे चालत जातो. एका ठरावीक ठिकाणी पोचला की झाकण आपल्या वजनाने पलीकडे उलटते. २०१८ पूर्वी ही युक्ती तीन उपनगरांतून कळलेली होती. २०१९ च्या अखेरीस ती ४४ उपनगरांत पोचली, आणि जवळच्या भागांत आधी, लांबच्या भागांत नंतर अशा क्रमाने. म्हणजे पक्षी एकमेकांचे पाहून शिकले. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या, तर काही पक्ष्यांनी विटाही ढकलून दिल्या. व्हिएन्नाजवळच्या प्रयोगशाळेत फिगारो नावाच्या गॉफिन काकाकुव्याने २०१२ मध्ये लाकडी तुळईचा ढलपा काढून त्याने जाळीपलीकडचा काजू ओढून घेतला. तनिंबार बेटांवरच्या या जातीत हत्यार बनवण्याची क्षमता आहे, हे तोवर कुणाला माहीत नव्हते. ज्याला ही बुद्धी आहे त्याच्या पिंजऱ्याची साधी कडी फार दिवस टिकत नाही. कडी उघडली की दाराची चौकट, सोफ्याचा पाय आणि विजेची वायर यांची पाळी येते.

पालक : कबूल. माझ्या ओळखीत एकाने तीन महिन्यांत दोन खिडक्यांच्या चौकटी गमावल्या. पण ताई, पनवेलला नारळाची सोडणे फुकट मिळतात, शेवग्याच्या फांद्या मिळतात. रोज नवे सोडण दिले, फांदी दिली, की दुपारभर तो तेच फोडत बसतो. पाळणारा आळशी असेल तर दोष पक्ष्याचा नाही.

निरीक्षक : सोडण दिल्याने आवाज थांबेल का?

आवाजाबद्दल पालकांकडे फारसे उत्तर नाही, आणि कुणाकडेच नसते. पहाटे आणि संध्याकाळी थवा जागेवर आहे का हे विचारायची काकाकुव्याची पद्धत म्हणजे किलोमीटरभर पोचणारी किंकाळी. मोठ्या जातींचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या वर जातो. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ते नियम करताना काकाकुवा कुणाच्या डोळ्यांसमोर नसणार, पण समोरासमोर गॅलऱ्या असलेल्या इमारतीत शेजाऱ्यांनी काय सोसायचे, त्याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. पक्षी झाकून ठेवणे किंवा ओरडल्यावर ओरडणे, दोन्ही उपाय फसतात. उलट ओरडल्यावर कुणीतरी येते, हे तो एका आठवड्यात शिकतो.

निरीक्षक : आणि वयाचे काय? शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला ‘कुकी’ १९३४ मध्ये, एक वर्षाचा असताना तिथे आला आणि २०१६ मध्ये ८३ व्या वर्षी गेला. सगळे एवढे जगत नाहीत, पण चाळीस-पन्नास वर्षे धरून चालायला हवे. पन्नाशीच्या माणसाने पिल्लू घेतले तर पुढे ते कुणाच्या गळ्यात?

पालक : हा मुद्दा मी गिऱ्हाइकाला स्वतः सांगतो. मुलगा बारावीला आहे, त्याला हवाय म्हणून बाप पैसे मोजायला येतो. मी विचारतो, मुलगा पुण्याला शिकायला गेला की पिंजऱ्याजवळ कोण बसणार? अर्धे तिथूनच परत जातात. उरलेल्यांना मी कॉकटेलची जोडी दाखवतो.

कॉकटेलच्या बाजूने पालकांचे म्हणणे वजनदार आहे. पंधरा ते वीस वर्षांचे आयुष्य, सोसवेल असा आवाज, शिट्टीवर सूर धरण्याची आवड, आणि चोच अशी की चावली तरी डॉक्टरकडे धावावे लागत नाही. मात्र तोही थव्याचा पक्षी आहे, आणि एकटा ठेवायचा तर घरात दिवसभर कुणीतरी हवे. त्याची एक खोड पनवेलकरांनी ध्यानात ठेवावी. रात्री अचानक आवाज झाला की कॉकटेल अंधारात बिथरून पिंजऱ्याच्या गजांवर आपटत सुटतात आणि पंखांच्या रक्ताळलेल्या पिसांसह सकाळी सापडतात. दिवाळीच्या आठवड्यात पिंजरा गॅलरीतून आतल्या खोलीत आणून मंद दिवा चालू ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ निभावते.

आरोग्याचा मामला इथल्या हवेशी बांधलेला आहे. जून ते सप्टेंबर पनवेलची हवा ओलसर असते, आणि डब्यातल्या शेंगदाण्याला नि सूर्यफुलाच्या बियांना बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. तीच बुरशी पक्ष्याच्या श्वासमार्गात गेली की ‘अ‍ॅस्परजिलोसिस’ होतो, आणि पोपटवर्गीय पक्ष्यात तो लक्षात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. नुसत्या सूर्यफुलावर वाढलेल्या पक्ष्याच्या यकृतात चरबी साठते आणि ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते. राळे, बाजरी, मोड आलेले मूग, गाजर, शेवग्याचा पाला, मक्याचे कणीस हा आहार परवडणाराही आणि योग्यही. अव्होकाडो आणि चॉकलेट मात्र विषासारखे. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी चावून चावून जस्ताची विषबाधा होते. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो, हे स्वयंपाकघरात बहुतेकांना माहीत नसते.

निरीक्षक : आणि माणसाच्या फुप्फुसाचे काय, काका? २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा गदारोळ झाला, तो विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीवरूनच ना? इथे तर पक्षीच भुकटीचा.

पालक : दम्याचा माणूस घरात असेल तर मोठा काकाकुवाच काय, कॉकटेलसुद्धा नको. हे मी लिहून देईन.

इथे दोघांचे एकमत होते, आणि ते वैद्यकाला धरून आहे. पक्ष्यांच्या धुळीची ॲलर्जी होऊन फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते. शिवाय ‘सिटॅकोसिस’ हा जिवाणूजन्य ताप पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला होतो आणि त्याचे रूपांतर न्यूमोनियात होऊ शकते. पिंजरा कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी पाणी शिंपडून पुसावा, ही साधी सूचना दोन्हींसाठी लागू पडते.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगता येतो. आपला हिरवा पोपट, तुईया आणि इतर देशी जाती पकडणे, विकणे, पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. विदेशी पक्ष्यांना पूर्वी हा कायदा फारसा शिवत नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. पोपटवर्गातल्या चार जाती सोडून सगळे त्या यादीत आहेत, आणि त्या चारांत कॉकटेल आहे. म्हणजे कॉकटेलला नोंदणी लागत नाही, बाकी प्रत्येक काकाकुव्याला लागते. २०२४ च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ पोर्टलवर करायची असते, आणि पक्ष्याचा जन्म, मृत्यू, हस्तांतर तिथेच कळवायचे असते. विक्रेता ‘रिंग आहे, डीएनए केलेला आहे’ असे सांगतो. रिंग पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याचा फार तर पुरावा, आणि डीएनए कार्ड नर-मादी सांगते. नोंदणीची जागा ही दोन्ही घेऊ शकत नाहीत.

पालक : एक गोष्ट मात्र तुम्ही मानली पाहिजे. रानात जात संपत चालली असेल, तर पिंजऱ्यातले पक्षीच उद्या कामाला येतील. हाँगकाँगमध्ये पिंजऱ्यातून सुटलेल्या काकाकुव्यांचा थवा आहे म्हणतात.

निरीक्षक : आहे, पिवळ्या तुऱ्याच्या लहान काकाकुव्यांचा, दोनशेच्या आसपास. मूळ बेटांवर ही जात अतिसंकटग्रस्त आहे, म्हणून तो थवा मोलाचा. पण ती संपली कशाने? घराघरांतल्या मागणीने. मे २०१५ मध्ये सुराबायाच्या बंदरात पोलिसांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत कोंबलेले याच जातीचे पक्षी सापडले, चोच बुचाकडे आणि शेपटी तळाकडे. आपल्या फ्लॅटमधल्या पक्ष्याचे मूळ बेट कुणाला माहीत नसते, संकर झालेला असतो, आणि माणसालाच जोडीदार समजणारा पक्षी रानात सोडून काय साधणार?

पालक : मग असलेला पक्षी सोडून द्यायचा?

निरीक्षक : मुळीच नाही! कर्नाळ्यात तर नाहीच.

दोघांच्या वादात सर्वांत तातडीचा मुद्दा हाच. कंटाळलेला मालक दया म्हणून पक्षी अभयारण्यात सोडतो, आणि ती दया दोन्हीकडून अंगाशी येते. खाणे शोधायला न शिकलेला पांढराशुभ्र पक्षी शिकारी पक्ष्यांच्या आणि कावळ्यांच्या नजरेतून सुटत नाही. तो तगलाच, तर तांबट, सुतार, पोपट, मैना, पिंगळा यांच्या ढोल्यांवर त्याचा दावा येतो. सिंगापुरात सुटलेले गॉफिन काकाकुवे रानटी होऊन स्थिरावले आहेत, तेव्हा दमट हवेत हा पक्षी टिकत नाही, असे समजण्यात अर्थ नाही. शिवाय चोच आणि पिसे झडवणारा विषाणू पिंजऱ्यातल्या काकाकुव्यांत पसरलेला आहे. तो देशी पोपटांत जाणे कुणालाच परवडणार नाही.

पाळायच्या प्रश्नावर दोन बाजूंत जे अंतर उरते ते कॉकटेलपुरते. निरीक्षकाला तोही मोकळ्या पक्षिगृहात हवा, पालकांना मोठा पिंजरा आणि रोज घरात उडायला तासभर पुरेसा वाटतो. पनवेलच्या इमारतीसाठी पालकांचे म्हणणे व्यवहार्य आहे. मोठ्या काकाकुव्याला मात्र दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, मालक कितीही प्रेमळ असो. ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी नोंदणी पुरी करावी, पक्ष्याला पाहू शकणारा पशुवैद्य आजाराआधी शोधून ठेवावा, आणि आपल्यामागे त्याला कोण सांभाळणार ते आजच ठरवून घरात सांगावे. एखादा सुटलेला काकाकुवा गॅलरीत येऊन बसला, तर त्याला हुसकावू नये. उथळ ताटलीत पाणी आणि थोडे दाणे ठेवावेत, दिसल्यास पायातल्या रिंगचा क्रमांक टिपावा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.